जाळं ओढू नकोस, काप

समुद्रतळाशी अडकून राहिलेली मासेमारीची जाळी, पाठीवर हवेची टाकी घेऊन डायव्हिंग करून काढायचं काम तू स्वतःहून अंगावर घेतलंस, बरं वाटलं. सांगलीत समुद्र कुठला म्हणून लोक हसतील, हसू देत. कृष्णेत पोहून तयार झालेली पोरं आपण, दमाला कमी नाही. पण दम वेगळा आणि पाण्यात स्थिर राहणं वेगळं. तरणतलावाच्या तळापासून वीतभर वर, हात न मारता ज्याला पाच मिनिटं थांबता येत नाही, त्याला जाळं काढायला नेऊच नकोस.

मालवणला पहिल्यांदा मी जाळं ओढलं, तर नायलॉनबरोबर प्रवाळाची फांदीच हातात आली. अजून डाचतं ते. जाळं कात्रीनं थोडं थोडं कापायचं, आधी अडकलेला खेकडा सोडवायचा. फार जड असेल तर जागा टिपून वर यायचं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, त्यामुळे वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडाही खिशात नको, कितीही मोह झाला तरी.

आणि मच्छीमारांना शिकवायला जाऊ नकोस बाबा. चहा घे, जाळी कुठं अडकतात ते विचार. पावसाळ्यात तिकडं डायव्हिंग बंदच असतं, तेव्हा पोरांना तलावात हातमोजे घालून दोर कापायला लाव.