नवा लॅपटॉप आणल्या आणल्या विंडोज पुन्हा टाकावी का?

तुम्ही विचारलंय की नवा लॅपटॉप घेतला, पण पहिल्या दिवसापासून अँटिव्हायरसची ट्रायल, कुठले कुठले गेम आणि कंपनीची स्वतःची चार-पाच ॲप्स मधेमधे तोंड काढतात. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकली तर लायसन जाईल का, वॉरंटी जाईल का, आणि दुकानदार पाचशे रुपयांत करून देतोय तर त्याच्याकडूनच करून घ्यावं का?

लायसन जात नाही. वॉरंटीही जात नाही. दुकानदाराकडे मात्र जाऊ नका. आधी तेच सांगतो, कारण त्यापायी माझी दिवाळीची सुट्टी गेली आहे.

मामेभावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून मामाने लॅपटॉप घेऊन दिला. तो 'स्लो चालतो' म्हणून यांनी गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला आणि त्याने 'फॉर्मॅट मारून' दिला. म्हणजे काय केलं, तर विकत घेतलेली विंडोजची अस्सल होम आवृत्ती पुसली, तिच्या जागी क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची, प्रो आवृत्ती टाकली, तिला अस्सल भासवणारा ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद करून ठेवला. लॅपटॉपबरोबर ऑफिस फुकट मिळालं होतं, तेही गेलं. वर्ड उघडलं की 'विकत घ्या' म्हणायचं. मी हे सगळं समजावून सांगितल्यावर मामी शांतपणे म्हणाली, "म्हणजे पाचशे रुपये देऊन आम्ही तो बिघडवून आणला का रे?"

त्या माणसाला क्रॅक टाकायची गरजच नव्हती. विंडोज ८ आली तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या विंडोजची की, म्हणजे लायसनचा नंबर, मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच (चिपमध्ये कायमच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवतात. तुम्ही डिस्क कितीदाही पुसा, इन्स्टॉलर ती की स्वतः वाचतो, आवृत्ती स्वतः निवडतो आणि नेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' नावाची आवृत्ती असते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट इथे बघून घ्या. प्रो टाकायचा मोह झाला तर आवरा, त्या कीवर ती ॲक्टिव्हेट होणार नाही.

आता टाकावी का? डिस्क एसएसडी असेल, रॅम १६ जीबी असेल आणि त्रास फक्त अँटिव्हायरसच्या पॉपअपचा असेल, तर अर्धा तास बसून नको ती ॲप्स अनइन्स्टॉल करा आणि विषय संपवा. अँटिव्हायरस काढला की विंडोजचा डिफेंडर आपसूक चालू होतो, घरगुती वापराला तो पुरतो. मी स्वतः मात्र नव्याने टाकतो. अनइन्स्टॉल केल्यावरही मागे पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि शेड्यूल केलेली कामं उरतात, आणि ती शोधत बसण्यापेक्षा कोरी पाटी बरी. पण हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायचं. फोटो, प्रोजेक्ट, बँकेचं काम सगळं त्यात मांडून झाल्यावर घर रिकामं करणं जिवावर येतं.

हा कचरा येतो कुठून, तर लॅपटॉपच्या विक्रीत कंपनीला नफा थोडा सुटतो आणि सॉफ्टवेअरवाले आपला माल आत भरायचे पैसे देतात. २००८ मध्ये सोनीने काही वायो लॅपटॉपवर हा माल न भरता देण्यासाठी ग्राहकाकडून जवळजवळ ५० डॉलर जास्तीचे मागितले होते! लोक भडकल्यावर काही दिवसांतच ते पैसे रद्द केले. लेनोव्होचं प्रकरण याहून गंभीर. २०१४ च्या सप्टेंबरपासून त्यांच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर येत होतं. ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे 'ही साइट खरी आहे' असं ब्राउझरला पटवणारं ओळखपत्र, बसवायचं आणि सुरक्षित वेबसाइटच्या मधेही डोकावायचं. वर सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त की एकच, म्हणजे ती कुणाच्या हाती लागली की सगळेच धोक्यात. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघडकीला आलं.

तयारीचं बोलतो, कारण खरं काम तेच. विंडोज टाकायला अर्धा तासही लागत नाही.

कीबोर्डशेजारच्या स्टिकरवर किंवा बिलावर ऑफिसचा उल्लेख आहे का ते सगळ्यात आधी बघा. असेल तर काहीही पुसायच्या आधी वर्ड उघडा, स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा आणि ऑफिस त्या अकाउंटवर चढवून घ्या. मग नंतर कधीही डाउनलोड करता येतं. मामेभावाच्या बाबतीत हेच राहून गेलं होतं. विंडोज एका संध्याकाळी अस्सल झाली, ऑफिससाठी मात्र बिल हातात घेऊन कस्टमर केअरला चार वेळा फोन करावा लागला.

मग कंपनीच्या सपोर्ट पानावर सिरीयल नंबर टाकून दोन ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअर ओळखायला लावणारी सॉफ्टवेअरं) उतरवून घ्या, एक वायफायचा आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर दुसरा डिस्कसाठीचा, रॅपिड स्टोरेजचा. हा दुसरा विसरलात तर पुढे घाम फुटतो. ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते, आणि त्यामुळे इन्स्टॉलर 'डिस्क कुठे टाकू' विचारतो तिथे यादी रिकामी दिसते. पहिल्यांदा ती रिकामी चौकट पाहिली तेव्हा मला वाटलं एसएसडीच गेली. तसं काही नसतं. 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, पेनड्राइव्हमधला तो फोल्डर दाखवायचा, की डिस्क हजर. झिप फाइल आधीच उलगडून ठेवा, बंद झिप तिथे चालत नाही.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोजचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर भरून देणारं) उतरवा आणि तो पेनड्राइव्ह त्याला द्या. त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेला देऊ नका. ड्रायव्हर त्यानंतर त्यात टाका. लॅपटॉप चालू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्याची यादी, येतो, त्यात पेनड्राइव्ह निवडायचा.

डिस्कच्या पानावर लॅपटॉपच्या डिस्कचे सगळे भाग डिलीट करा. जीबीचा आकडा बघून करा, शेजारी पेनड्राइव्हही दिसत असतो. कंपनीचा रिकव्हरीचा भागही यात जातो. जाऊ द्या, डेल, एचपी, लेनोव्हो तिघेही सिरीयल नंबरवरून मूळ इमेज, म्हणजे कारखान्यातून आली तशी विंडोजची प्रत, पुन्हा देतात. वॉरंटी हार्डवेअरची असते, पण सर्व्हिसवाल्याने 'आधी फॅक्टरीसारखं करून दाखवा' म्हटलं तर ती इमेज कामी येते. सेटिंग्जमधल्या 'रिसेट'ने हेच होईल अशी मात्र आशा धरू नका, कंपनीने भरलेला माल त्यातून बहुधा परत येतो.

एक गंमत सांगतो. अगदी कोऱ्या विंडोज ११ मध्येही स्टार्ट मेन्यूत नको ती ॲप्स डोकावतात, म्हणजे मायक्रोसॉफ्टही सोवळं नाही. इन्स्टॉलरच्या सुरुवातीला वेळ आणि चलनाच्या रकान्यात 'इंग्लिश इंडिया' ऐवजी 'इंग्लिश वर्ल्ड' निवडा. पुढे काहीतरी चुकल्याचा एक एरर येतो, तो स्किप करायचा, आणि ती जाहिरातबाजीची ॲप्स येतच नाहीत. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन प्रदेश पुन्हा भारत करा, नाहीतर स्टोअर नीट चालत नाही.

सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालतं. बाकीचे ड्रायव्हर विंडोज अपडेट स्वतः आणतं, दोन-तीनदा रीस्टार्ट मागेल, मागू द्या.

कंपनीचं एक ॲप मात्र मी परत टाकतो, लेनोव्होवर व्हँटेज, एसूसवर मायएसूस. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय तिथे असते आणि बायोसचे, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरचे, अपडेटही मिळतात. एसूसच्या काही मॉडेलवर आर्मरी क्रेट नावाचं त्यांचं ॲप तर विंडोज कोरी टाकली तरी स्वतःहून 'मला बसवा' म्हणत उगवतं, कारण ते डिस्कवरून नाही, मदरबोर्डवरून येतं. बायोसमध्ये त्याचं बटण असतं, तिथे बंद करा.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत तर डिस्क बऱ्याचदा न विचारता एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिच्यावरच्या माहितीला कुलूप लागतं. तिची ४८ अंकी रिकव्हरी की अकाउंटमध्ये सापडेल. ती आजच कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बिलाबरोबर ठेवा. आमच्याकडे ती मामीच्या गॅसच्या पुस्तकात आहे.