ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणारा निक डेकॉस फक्त वडिलांच्या नावावर कॉलिंगवूड क्लबमध्ये आला का?

दार वडिलांमुळे उघडलं, हे खरं. पीटर डेकॉस कॉलिंगवूडकडून 250 सामने खेळले. ज्याच्या वडिलांनी क्लबसाठी शंभर सामने खेळलेत, त्या मुलावर क्लबचा पहिला हक्क. तोही फुकट नाही: 2021च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, गोल्ड कोस्ट क्लबनं चौथ्या क्रमांकावर त्याच्यासाठी बोली लावली, आणि त्या बोलीच्या हिशोबानं, थोड्या सवलतीत, कॉलिंगवूडला आपल्या निवडीच्या संधी मोजाव्या लागल्या.

पुढचं सगळं त्याचं स्वतःचं. पहिल्याच मोसमात, 2022ला, रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार. मला मात्र 2023 जास्त भावतं. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या हाडाला तडा गेला, आणि पोरगा थेट उपांत्य सामन्यात परतला, पाठीवर वडिलांचाच 35 नंबर. तो सामना कॉलिंगवूडनं एका गुणानं जिंकला, अंतिम सामना चार गुणांनी. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता!