फ्लिट, फ्लटर, फ्लिकर, डार्ट: या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय की खोलीत शिरलेल्या चिमणीवर इंग्रजीत एक छोटी गोष्ट लिहिताय, आणि कोशात फ्लिट, फ्लटर, फ्लिकर, डार्ट, स्कटल या सगळ्यांसमोर ‘झटकन हलणे, उडणे’ असंच काहीतरी सापडतं. मग कुठे कोणता घ्यायचा? मी मुलांच्या गोष्टींची भाषांतरं करते. या शब्दांनी मला बरंच छळलं आणि तेवढाच जीवही लावला, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बाल्कनीत, काच आणि जाळी यांच्यामधल्या वीतभर जागेत एक कबुतर अडकलं. सारखं पंख आपटत होतं. जाळीवरची धूळ उडाली, एक पीस तरंगत कुंडीत पडलं, पण कबुतर होतं तिथेच. हे फ्लटर. सगळं लक्ष पंखांवर. जागा बदलली नाही तरी चालतं. ओंजळीत धरलेलं पाखरू फ्लटर करू शकतं, फ्लिट नाही करू शकत.

फ्लिटमध्ये जागा बदलणं हाच गाभा आहे. हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. तिकडे त्याचा अर्थ एखादी वस्तू इथून तिथे नेणं. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये फ्लिट म्हणजे चक्क घर बदलणं, आणि भाडं बुडवून रातोरात पसार होणं म्हणजे ‘मूनलाइट फ्लिट’. आपलं बिऱ्हाड हलवणंच की! हे कळल्यापासून मला फुलपाखरू वेगळंच दिसतं: या फुलावर क्षणभर बिऱ्हाड मांडलं, उचललं, पुढच्या फुलावर. माझ्या पहिल्या भाषांतरात मी ‘फुलपाखरू या फुलावरून त्या फुलावर उडत होते’ असं लिहिलं होतं. संपादकबाईंनी ‘उडत’खाली रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला: ‘बागडत’. फ्लिटला इतका चपखल मराठी शब्द मला अजून दुसरा मिळालेला नाही.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा साधं असतं, हालचालीचा रंग त्याच्या आधीच्या नादशब्दात असतो. चिमणी *भुर्रकन* उडाली, मुंगी *तुरुतुरु* चालली, पाल *सुळकन* सटकली. इंग्रजीत तो रंग क्रियापदाच्या पोटातच असतो. म्हणून कोशात शब्दाला शब्द शोधत बसलं की सगळ्यांचं ‘उडणे’ होतं. नादशब्द आणि क्रियापद अशी जोडी समोर ठेवा, म्हणजे उत्तर पटकन सापडतं.

त्यातही एक खूण आहे. फ्लटर, फ्लिकर, क्विव्हर, शिव्हर, ग्लिटर, चॅटर: या शब्दांच्या शेवटचा ‘अर’ ‘पुन्हा पुन्हा’ असं सुचवतो. आपण तेच काम शब्द दुमडून करतो: फडफड, थरथर, लुकलुक, बडबड. आणि एकदाच, एका झटक्यात झालेल्या हालचालीला आपण ‘कन’ लावतो. (प्रत्येक ‘अर’ असा नसतो, एंटर, ऑफर यांचा याच्याशी संबंध नाही.) सुरुवातीचा ‘फ्ल’ही असाच, तो हलकी, वाहती हालचाल सुचवतो: फ्लाय, फ्लो, फ्लोट, फ्लॅप, फ्लिक. अर्थाशी चिकटून येणाऱ्या अशा ध्वनिगटांना इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. फ्लटर तर थेट फ्लोटच्या घरातला; जुन्या इंग्रजीत लाटांवर हेलकावे खाण्यालाही तोच शब्द होता.

फ्लिकरची कहाणी मला सर्वांत प्रिय आहे. आज तो दिव्याचा, ज्योतीचा, स्क्रीनचा शब्द. पण जुन्या इंग्रजीत तो पक्ष्यांचा होता, पंख फडफडवण्याचा. उजेडाशी तो जोडला गेला १६०० च्या आसपास. आणि आपल्याकडे बघा: समईतलं तेल संपत आलं की ज्योत काय करते? *फडफडते*. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पंखांचा शब्द ज्योतीला दिला! मात्र मिणमिणणं म्हणजे फ्लिकर नाही. मिणमिणता दिवा मंद असतो, तो स्थिरही असू शकतो. ओठांवर हसू फ्लिकर झालं तर मी ‘हसू तरळून गेलं’ असं करते.

डार्ट म्हणजे मुळात फेकायचा छोटा भाला. सरळ रेषेत, एका दमात. पाण्यातल्या माशावर चोच भाल्यासारखी मारणाऱ्या पक्ष्याला इंग्रजीत डार्टर म्हणतात, मराठीत तिरंदाज. तीच कल्पना. नजरेच्या बाबतीत मात्र जपा: कोणाचे डोळे खोलीभर डार्ट होत असतील तर ती झेप एकामागून एक चाललेली असते, आणि मराठीत ती ‘नजर भिरभिरली’ होते.

स्कटलला पंख नाहीत, पाय आहेत. कोकणातल्या किनाऱ्यावर पाऊल वाजलं की खेकडे तिरके पळत बिळात शिरतात, ते स्कटल. उंदराच्या लगबगीला स्करी.

डॉक्टरांच्या रिपोर्टातला फ्लटर या सगळ्याहून वेगळा. अ‍ॅट्रियल फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० वेळा आकुंचन पावतात, तेही बहुधा ठरावीक लयीत. बेताल झालं की त्याला फिब्रिलेशन म्हणतात. गोष्टीत ‘हर हार्ट फ्लटर्ड’ आलं तर तिथे धडधड किंवा धाकधूक बघा, हे नाही.

आता तुमची चिमणी. ती काचेवर पंख आपटते तिथे फ्लटर. पडद्याच्या दांडीवरून कपाटावर, कपाटावरून फोटोच्या चौकटीवर जाते तिथे फ्लिट लिहायचा मोह होईल. नका लिहू. फ्लिटमध्ये एक निर्धास्त हलकेपणा असतो आणि तुमची चिमणी घाबरलेली आहे. तिथेही फ्लटरच राहू दे. पंखा बंद होतो, कोणीतरी खिडकीची झडप ढकलतं, ती क्षणभर थांबते आणि सुर्रकन बाहेर जाते. ते डार्ट.