एम.एस्सी. बायोटेक झालंय, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) नाही. पुण्या-मुंबईत संशोधनाची जागा कशी मिळेल?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने नोकरीच्या पोर्टलवर अर्ज करताय आणि फोन येतात ते मेडिकल कोडिंगचे, म्हणजे रुग्णांच्या नोंदींना कोड देण्याच्या कामाचे. नेट नसताना मीही याच वाटेने गेले, म्हणून सविस्तर सांगते.

संशोधनाच्या जागा पोर्टलवर फारशा येतच नाहीत. शास्त्रज्ञाला प्रकल्प मंजूर होतो, त्यात माणसांच्या पगाराची तरतूद असते आणि संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एक छोटी जाहिरात लागते. मुदत थोडी, कधी थेट वॉक-इन. पुण्यात गणेशखिंडचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, मुंबईत परळची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, नवी मुंबईत खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र). ही पानं दर आठवड्याला उघडा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, निधी कुणाला मिळाला ते बघा. इंडिया अलायन्स ही संशोधनाला निधी देणारी संस्था आपल्या फेलोंची, म्हणजे निधी मिळालेल्या शास्त्रज्ञांची, नावं जाहीर करते. नव्याने रुजू झालेल्या शास्त्रज्ञाची लॅब रिकामी असते, त्याला माणसं हवीच असतात. जाहिरातीची वाट न बघता त्यांना लिहा.

पत्र मात्र प्रत्येकाला वेगळं लिहा. मी साठेक जणांना एकच मजकूर पाठवला होता, एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका लॅबचा एक पेपर नीट वाचला, त्यातल्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी एकेक करून मोजण्याचं तंत्र) आकृतीतल्या कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेच्या नमुन्याबद्दल, प्रश्न विचारला आणि प्रबंधात स्वतःच्या हाताने काय केलं ते तीन ओळींत लिहिलं. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. मुलाखतीत विचारलं, कल्चरमध्ये (वाढवलेल्या पेशींत) मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक जिवाणू शिरलाय हे कसं ओळखाल? मीडियम (पेशी वाढवण्याचा द्रव) गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पीसीआर किंवा डीएनएचं स्टेनिंग करावं लागतं. हे मला पाठांतराने आलं नव्हतं. प्रबंधाच्या वेळी त्यापायी महिनाभराच्या पेशी फेकल्या होत्या. अशा गोष्टी सीव्हीत लिहा.

पगाराचं म्हणाल तर जानेवारी 2023 पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो, म्हणजे कनिष्ठ संशोधक) दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा नसेल तर प्रकल्पाच्या जागेवर त्याहून कमी. त्यामुळे कामासोबत नेटचा अभ्यास सोडू नका. रुजू होण्याआधी प्रकल्पाचे किती महिने उरलेत हे स्पष्ट विचारा. मी विचारलं नाही आणि सातव्या महिन्यात घरी बसले.

लॅबच हवी असा हट्ट नसेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही, बघा. जून 2009 पासून देशातल्या औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती कुणालाही वाचता येते. पुण्या-मुंबईतल्या कोणत्या रुग्णालयात चाचणी सुरू होतेय ते कळतं. तिथे समन्वयक लागतात.

'प्रशिक्षण शुल्क' मागून नोकरीची हमी देणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. माझ्या मैत्रिणीचे चाळीस हजार असेच गेले.

प्रबंध कशावर होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि हातात बसलेली तंत्रं खाली लिहा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या लॅबना आधी लिहावं ते सांगते.