पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढा

प्रश्न: ताई, माझं वय ४१, राहायला ठाण्यात. दिवसा जाहिरात संस्थेत नोकरी आणि रात्री मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगात चित्रं, असं बरीच वर्षं चाललंय. नवऱ्याचं काम घरून होतं. मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात आहे. माझं आजोळ गोव्यात साखळीजवळचं, आता तिथं कुणी राहत नाही. नोकरी सोडून साखळी-वाळपईकडे यावं, साठवलेल्या पैशांतून एखादं जुनं घर घ्यावं आणि शांतपणे फक्त चित्रं काढावीत असं फार वाटतं. हे जमेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: या. तुमच्यासारखी माणसं इकडे यावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

घर आत्ता घेऊ नका. गोव्यातलं जुनं घर दिसतं देखणं, पण त्याचे मालक किती हे पाहणाऱ्याला दिसत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानं इथं मुलगा-मुलगी सारखेच वारस असतात आणि नवरा-बायकोची मिळकत सहसा एकत्र धरतात. त्यामुळे विक्रीच्या कागदावर सुना-जावयांच्याही सह्या लागतात. त्यातला एक जण मुंबईत, एक लिस्बनला, एकाशी बाकीच्यांचं बोलणं बंद. शिवाय घरात किंवा आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जागेत राहणारा माणूस, असला तर १९७५च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, इथल्याच वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय कुणाला इसाराचा एक रुपयाही देऊ नका. अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याचं घर घ्या, पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरा आणि पहिला पावसाळा त्या घरात काढा.

पावसाळा म्हणते ते तुमच्या कागदासाठी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या सत्तरीत, म्हणजे वाळपईच्या तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी, त्याहून जास्तच. जुलैत जलरंगाचा एक हात दिला की तो वाळायला अर्धा दिवस घेतो. दुसरा हात घाईनं दिलात तर सगळं एकमेकांत मिसळतं. चांगल्या कागदावर बुरशीचे पिवळट ठिपके येतात, आणि ते एकदा आले की जात नाहीत. लोखंडी कपाट घ्या, त्यात कमी वॉटचा दिवा सतत चालू ठेवा आणि कागद त्यातच ठेवा. वारा सुटला की झाड तारांवर पडतं आणि वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच. तुमच्या नवऱ्याचं काम इंटरनेटवर चालत असेल तर डिपॉझिट देण्याआधी भर पावसात त्या घरात बसून नेटवर्क बघा. ओढ्याच्या अलीकडे मिळणारी रेंज पलीकडे नसते.

आता शांततेचं. तुमच्या पत्रातल्या या एकाच गोष्टीची मला काळजी वाटली. आमची गावं रिकामी नाहीत, ती कामात असतात. श्रावणात चित्रशाळांमधून मातीचे गणपती उभे राहतात. चतुर्थीच्या आधी बायका-पुरुष माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या चौकटीसाठी, रानात शिरतात. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. जत्रेला नाटक हवंच, आमच्याकडे ते बहुतेक मराठी असतं आणि करणारे गावातलेच. बागायतदार राजा होतो, कंडक्टर प्रधान. कला अकादमीच्या ब गटाच्या नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले की तालमी मध्यरात्रीपर्यंत चालतात. पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, बायकांचे धालो हे नाच-गाणं, शिगम्याला सत्तरीत घोडेमोडणीचा नाच आणि रणमाले हे लोकनाट्य. इथली घरं कोंकणीत बोलतात, भजनं आणि नाटकं मराठीत करतात, आणि त्यात कुणाला काही अवघड वाटत नाही.

दार लावून बसणाऱ्याला इथं कुणी त्रास देत नाही. पण वर्षभरानं त्याला कुणी ओळखतही नाही, आणि अशी माणसं परत गेलेली मी पाहिली आहेत. तुम्ही चित्रं काढता हे कळलं की कुणी नाटकाचा पडदा रंगवायला बोलावील, कुणी बालवाडीची भिंत दाखवील. जा. पैसे मिळणार नाहीत, तरी जा. मी पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकले आणि पुढं वाळपईच्या मुलांना चित्रकला शिकवली, पण रानाचे रंग मला माटोळीचं सामान आणणाऱ्या बायकांनी शिकवले. कांगलां कुठल्या वेलीवर मिळतात, फळ उकललं की आतलं बी किती तांबडं असतं, कवंडळ पिकताना हिरव्याचं केशरी कसं होतं. हे बघायला त्यांच्याबरोबर चिखलातून चालावं लागतं. मुलांच्या पुस्तकांत अशी झाडं, अशी फळं मला क्वचितच दिसतात. तुमच्या हातून ती यावीत असं वाटतं.

पैशांचं थोडक्यात. गावात चित्र विकत घेणारं गिऱ्हाईक नाही. कलादालनं पणजीत आणि किनाऱ्याकडे आहेत. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो, तिथं ओळखी होतात. वाळपईहून कदंबाच्या बसने पणजीला जायला दीड तास धरा, म्हणजे जाऊन-येऊन दिवस गेला. तेव्हा पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची कामं तुटू देऊ नका. नोकरी एकदम सोडण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. नवऱ्याची मिळकत चालू आहे, तिच्या आधारावर वर्ष काढण्यात कमीपणा काही नाही.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला ती सगळ्यात मोठी वाटते. इथं सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, पण त्यापुढच्या जवळपास सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या, मराठी हा त्यात एक विषय. तिला गणित, विज्ञान अचानक इंग्रजीत शिकावं लागेल. बदल करायचाच तर सहावीला करा, नववीपर्यंत लांबवू नका, आणि आतापासून रोज थोडं इंग्रजी वाचन सुरू करा. नाट्यशिबिरं आणि गाण्याच्या वर्गांची चौकशी साखळीच्या रवींद्र भवनात करता येईल. शाळेत ओळखी होण्याआधी तिला तिथं मैत्रिणी मिळतील.

घरं बघायला मे महिन्यात येऊ नका, तेव्हा सगळीच घरं कोरडी असतात. जुलैत या, थिवी स्टेशनला उतरा आणि मुलीला बरोबर आणा. शाळा तिनं स्वतः बघू दे, आणि नको म्हणाली तर का नको ते नीट ऐकून घ्या.