नॉरहॅम किल्ला जलरंगात उतरवताना

इंग्लिश चित्रकार टर्नरने 1797 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या ट्वीड नदीकाठचा नॉरहॅम किल्ला पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्याचं जलरंगचित्र प्रदर्शनात मांडलं. सरावाला हेच घ्या. सूर्य किल्ल्यामागे आहे, त्यामुळे भिंतीचे दगड मोजत बसू नका. किल्ला म्हणजे एकच निळसर आकार. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन कागद ओला करून यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाचा, अगदी पातळ वॉश (पाणीदार थर) द्या. हाताच्या मागच्या बाजूला गार लागेनासा होईपर्यंत वाळू द्या. घाई केली की किल्ल्याची कड फुटते, फुलकोबीसारखे डाग उठतात. मग किल्ल्यासाठी अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळा नकोच, त्याने धुकं मरतं! बुरूज वर गडद ठेवा, पायथ्याशी नुसत्या पाण्याने विरवा. नदीवरची चमक शेवटी ब्लेडने खरवडा, पण कागद दमट असेल तर तंतू उपटतात.