१४व्या विधानसभेत कोण, कधी, कुठल्या खुर्चीत?

प्रश्न असा आहे: ‘२०१९ ते २०२४ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते कोण होते? प्रत्येक यादीत वेगळीच नावं का दिसतात?’

दिसणारच. त्या पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री, दोन अध्यक्ष आणि तीन विरोधी पक्षनेते झाले. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवतो आणि या टर्मपुरता माझा एकच नियम आहे: आधी तारीख विचारा, मग नाव सांगा.

सुरुवात आकड्यांपासून करू. निकाल लागला २४ ऑक्टोबर २०१९ ला. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. उरलेल्या २९ मध्ये १३ अपक्ष, बहुजन विकास आघाडीचे ३, एमआयएम, समाजवादी आणि प्रहारचे दोन-दोन, बाकी मनसे, शेकाप, माकप वगैरेंचा एकेक. महिला आमदार फक्त २४. भाजप-सेना युतीचे १६१ होत होते, बहुमताला १४५ पुरेत. तरी मुख्यमंत्रिपदावरून युती फिसकटली आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली.

२३ नोव्हेंबरला तो गाजलेला ‘पहाटेचा शपथविधी’. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि दोघांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. आमदारांचा शपथविधी झाला २७ ला, आठव्यांदा निवडून आलेल्या हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकरांसमोर. म्हणजे या विधानसभेचा पहिला मुख्यमंत्री सभागृह भरायच्या आतच पायउतार झाला होता.

मग शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी झाली आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांचं नाव आमदारांच्या यादीत शोधू नका, ते विधानसभेवर निवडून आलेच नव्हते. सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यायला हवं म्हणून मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. ३० नोव्हेंबरच्या विश्वासदर्शक ठरावाला १६९ मतं पडली, विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता. दुसऱ्या दिवशी काँग्रेसचे नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले आणि फडणवीस विरोधी पक्षनेते.

आता ज्या भागावर याद्या एका ओळीत उडी मारतात तो भाग. माझ्या मते या टर्मची किल्ली तिथेच आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पटोलेंनी प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं. सत्ताधारी पक्षाने स्वतःहून अशी खुर्ची मोकळी करावी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. नवा अध्यक्ष काही निवडला गेला नाही. कामकाज उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ चालवत, कधी तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्ष नसताना खुर्चीत बसणारे आमदार. जुलै २०२१ मध्ये तालिकेवर भास्कर जाधव असताना झालेल्या गदारोळानंतर भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं: अधिवेशनापलीकडे एखाद्याला बाहेर ठेवणं घटनाबाह्य. डिसेंबर २०२१ मध्ये आघाडीने नियम बदलून अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी उघड आवाजी मतदानाने करायचं ठरवलं. पण निवडणुकीची तारीख राज्यपाल ठरवतात आणि भगतसिंह कोश्यारींनी ती दिली नाही. खुर्ची रिकामीच राहिली, जवळपास १७ महिने.

तिची किंमत जून २०२२ मध्ये कळली. विधान परिषदेची निवडणूक आटोपताच शिवसेनेचे मंत्री एकनाथ शिंदे बंड करून सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. शेवटी त्यांच्यासह सेनेचे ४० आमदार त्या गटात होते. त्यांतल्या १६ जणांना झिरवाळांनी अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. तोवर खुद्द झिरवाळांनाच हटवण्याची नोटीस बंडखोरांनी दिली होती आणि २०१६ च्या एका निकालानुसार अशी नोटीस प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याने अपात्रतेवर निर्णय देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने उत्तराची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. २९ जूनला ठाकरेंनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला, ३० ला शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. जी तारीख आधी मिळत नव्हती ती आता लगेच मिळाली.

३ जुलै २०२२. अध्यक्षपदासाठी शिरगणतीने मतदान, एकेका आमदाराने उभं राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगायचा. भाजपच्या राहुल नार्वेकरांना १६४, आघाडीच्या राजन साळवींना १०७; नार्वेकर अध्यक्ष झाले. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते रामराजे नाईक निंबाळकर, नार्वेकरांचे सासरे. वरच्या सभागृहात सासरे आणि खालच्या सभागृहात जावई, यावरून त्या दिवशीच्या अभिनंदनाच्या भाषणांत बरीच टोलेबाजी झाली. ४ जुलैच्या विश्वासमताला शिंदेंना पुन्हा १६४, विरोधात मात्र ९९ च. कारण दारं बंद झाल्यावर पोहोचलेल्या काँग्रेसच्या काही आमदारांना आत येता आलं नाही. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार त्यांतलेच.

अजित पवार त्याच दिवशी विरोधी पक्षनेते झाले आणि जवळपास वर्षाने, २ जुलै २०२३ ला, राष्ट्रवादी फोडून शिंदेंच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री. एकाच टर्ममध्ये तीन मुख्यमंत्र्यांचे (फडणवीस, ठाकरे, शिंदे) उपमुख्यमंत्री आणि मधल्या वर्षात विरोधी पक्षनेते! याद्या एकमेकींशी जुळत नाहीत याचं निम्मं कारण हा एक माणूस आहे. मग काँग्रेस हा विरोधातला सर्वात मोठा पक्ष उरला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वडेट्टीवार विरोधी पक्षनेते झाले, ते शेवटपर्यंत.

मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यपालांचं बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं, शिंदे गटाचे प्रतोद (आमदारांना पक्षादेश, म्हणजे व्हिप, बजावणारे) भरत गोगावले यांची नेमणूकही बेकायदा ठरवली. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्याने त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असं सांगितलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपवला, म्हणजे आता नार्वेकरांकडे. १० जानेवारी २०२४ ला त्यांनी शिंदेंचा पक्ष हीच शिवसेना असं ठरवलं आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीच्या बाबतीतही तसंच, अजित पवारांच्या बाजूने. पटोले त्या खुर्चीतून उठलेच नसते तर काय झालं असतं, यावर मुलं वर्गात तासभर भांडतात. मी भांडू देतो.

झिरवाळ मात्र मार्च २०२० पासून अखेरपर्यंत उपाध्यक्ष राहिले, मधे अजित पवारांच्या गटात गेले तरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये धनगर समाजाला आदिवासी आरक्षण देण्याच्या विरोधात त्यांनी इतर आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उडी मारली. विधानसभेचा उपाध्यक्ष स्वतःच्याच सरकारविरुद्ध जाळीवर, हे दृश्यही याच टर्मचं.

राहिला सदस्यांचा बदल. देगलूर, कोल्हापूर उत्तर, अंधेरी पूर्व, चिंचवड इथे दिवंगत आमदारांच्या मुलाने किंवा पत्नीने जागा राखली. पोटनिवडणुकीत पक्ष बदलला तो दोन ठिकाणी: पंढरपूर-मंगळवेढा राष्ट्रवादीकडून भाजपकडे (२०२१) आणि कसबा पेठ भाजपकडून काँग्रेसकडे (२०२३). मतदारांनी हलवलेल्या जागा एवढ्याच, बाकी सगळी उलथापालथ निवडून आलेल्यांनी केली. सावनेरचे सुनील केदार डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँक प्रकरणातल्या शिक्षेमुळे अपात्र ठरले. प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, निलेश लंके, संदिपान भुमरे असे काही जण २०२४ मध्ये लोकसभेवर गेले. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असल्याने या जागांवर पोटनिवडणूक झाली नाही. अकोला पश्चिमची तर जाहीर झालेली निवडणूक उच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द केली. त्यामुळे २६ नोव्हेंबर २०२४ ला मुदत संपली त्या दिवशीची यादी काढलीत तर नावं २८८ भरणार नाहीत.